दोन नावांची एक बाई

मुकुंदवाडीत जालना रोडच्या कडेला पूर्वी एक एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक माणूस उभा राहील एवढीच जागा आणि भिंतीवर लाल आकड्यांत बिल पळवणारं मीटर. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म मोबाइलच्या काळातला आहे त्यांना सांगावं लागेल : तेव्हा फोन करायला दुकानात जावं लागायचं आणि आलेला फोन घ्यायलाही दुकानातच जावं लागायचं. २०२५ च्या जूनमध्ये या रस्त्याच्या कडेची बांधकामं पाडली गेली, तेव्हा आईनं मला व्हिडिओ कॉल लावून तो ढिगारा दाखवला. बूथ केव्हाच बंद पडला होता, त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. तरी ती म्हणाली, "हितंच उभं राहायचो बघ आम्ही. मी, काकू आन् जिजी."

१९९९ च्या उन्हाळ्यात माझे वडील काश्मीरमध्ये होते. पायदळात हवालदार. काकूंचे यजमान सिग्नल्समध्ये. जिजींचे यजमान निवृत्त होऊन घरी बसलेले, पण जिजी तरीही यायच्या. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर उतरायचा, त्यामुळं फोन आला तर तेव्हाच येणार, असा या बायकांचा हिशेब. बूथवाला शटर अर्धं ओढून बसायचा. फोन वाजला की तिघी एकदम उठायच्या. आणि बहुतेक वेळा तो तिसऱ्याच कुणाचा तरी असायचा.

मी हा लेख वडिलांवर लिहायला घेतला होता. कारगिल, बर्फ, बंकर वगैरे. वडिलांनी दोन संध्याकाळी उत्तरं दिली आणि तिसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "आमचं सगळं लिहून ठेवलेलं असतंय. युनिटच्या डायरीत असतंय, रेकॉर्ड ऑफिसात असतंय. तुझ्या आईला विचार, तिचं कुठंच नाही." त्यांनी हे अगदी सहज म्हटलं, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. मग मी आईला विचारायला लागले, आणि आईनं स्वतःचं सांगायच्या आधी जिजींचं सांगितलं.

मुकुंदवाडी मुळात गाव. १९७२ नंतर सिडकोनं औरंगाबादच्या पूर्वेला नवं शहर वसवायला घेतलं, आणि या गावाच्या शिवारातून वसाहती, बंगल्या, बाजार उगवत गेले. जे सिडकोत घर घेऊ शकत नव्हते त्यांनी गुंठेवारीतले वीस बाय तीसचे तुकडे घेतले. आमच्या गल्लीत असे चार-पाच तुकडे फौजींचे होते. जालना, बीड, परभणीकडची मंडळी. पोरांच्या शाळेसाठी बायको शहरात ठेवायची आणि आपण सीमेवर. जवानाला बऱ्याच नेमणुकांवर कुटुंब नेता येत नाही; क्वार्टर मिळालं तर दोन-तीन वर्षं, नाहीतर बायकोनं गावी किंवा अशा एखाद्या तुकड्यावर एकटीनं संसार रेटायचा.

गल्लीत या बायकांना स्वतःचं नाव नव्हतं. काकू म्हणजे 'सिग्नलवाली'. माझी आई 'हवालदारीण'. एकीचा नवरा बराच काळ मद्रासकडं होता म्हणून ती, जन्मात कधी मद्रासला न गेलेली बाई, 'मद्रासवाली'. सरकारदरबारी तरी वेगळं काय? फौजेत जवानाचं लग्न झालं की 'पार्ट टू ऑर्डर' निघते. त्या कागदावर बायकोचं नाव चढलं की ती फौजेच्या लेखी जन्माला येते. आई अजूनही तारखा सांगताना म्हणते, "माझं लग्न मे मधलं, पण पार्ट टू ऑगस्टात निघाली." मधले तीन महिने ती फौजेसाठी नव्हतीच.

जिजींची पार्ट टू ऑर्डर १९६० च्या दशकातली. त्यांच्या यजमानांनी ती करताना बायकोचं माहेरचं नाव लिहून दिलं. आपल्याकडं लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव कोरतात, ते सासरचं नाव गावानं वापरलं, रेशन कार्डानं वापरलं, पुढं आधार कार्डानंही वापरलं. यजमानांना मात्र तिचं जुनंच नाव आवडायचं. दोन नावं दोन वाटांनी चालत राहिली. पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते शेवटी, त्याकडं मी येईनच.

जिजींना वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडं यजमानांची काळी ट्रंक होती, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. त्यात १९७१ ची पत्रं. पाठवणाऱ्याचा पत्ता 'द्वारा ९९ एपीओ'. हा काय प्रकार आहे माहीत आहे? फौजी कुठं आहे हे पत्त्यावर लिहीत नाहीत. युनिटचं नाव आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', एवढंच. लडाखच्या पत्राचा पत्ता आणि राजस्थानच्या पत्राचा पत्ता सारखाच दिसू शकतो. नवरा देशाच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे बायकोला माहीत नसणं हाच त्या पत्त्याचा उद्देश. दुपारी भांडी झाली की जिजी ती पत्रं घेऊन आईकडं यायच्या. "वाच गं." आई दहावी झालेली. तीच पत्रं, वर्षानुवर्षं. "जिजी, हे तर मागच्या आठवड्यात वाचलं की." "मग काय झालं? तू पोथी एकदाच वाचतीस का?" त्या पत्रांत जिजींचं माहेरचं नाव होतं. गल्लीत ते आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं, कारण आईच ते मोठ्यानं वाचायची.

आता थोडं मागं जाऊ. आमच्या दारावरचा हाच जालना रोड पश्चिमेला सरळ क्रांती चौकात जातो. तिथला काळा चबुतरा तुम्ही पाहिला असेल, निदान सिग्नलला थांबून. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळात उठाव झाला, तो मोडून काढला गेला, आणि शिपायांना या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला. लहानपणी शाळेची सहल तिथं नेली होती. त्या शिपायांच्या बायकांचं पुढं काय झालं, असं मी बाईंना विचारलं नाही. सुचलंच नाही. छावणीत त्यांची बिऱ्हाडं असणार, चुली असणार. एका दिवसात नवरा गद्दार ठरला आणि आपण गद्दाराच्या बायका. शेजारणीनं तेव्हा दार उघडलं असेल की लावून घेतलं असेल?

ब्रिटिशांच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणींतही बायकांची गत फार वेगळी नव्हती. नेपोलियनच्या काळात पलटण जहाजावर चढताना शंभर जवानांमागे साधारण सहा बायकांना सोबत जायची परवानगी असे. कुणी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. एका चिठ्ठीवर 'जायचं', एकीवर 'नाही जायचं'. धक्क्यावर टोपीतून चिठ्ठी उचलायची आणि तिथल्या तिथं संसाराचा निकाल. पुढं त्याच सैन्यात एक कुत्सित वर्गवारी रूढ झाली : अधिकाऱ्यांच्या असतात त्या लेडीज, सार्जंटांच्या असतात त्या वाइव्ह्ज आणि साध्या शिपायांच्या असतात त्या नुसत्या विमेन. बाई तीच, नवऱ्याच्या बाहीवरच्या फितीप्रमाणं शब्द बदलायचा.

याच औरंगाबादच्या छावणीशी एका अशा लष्करी पत्नीचं नाव जोडलेलं आहे जिची खूण तुम्ही प्रत्येक २६ जानेवारीला टीव्हीवर बघता. मला ती फार उशिरा कळली आणि कळल्यावर रागच आला, की शाळेत हे कुणी का सांगितलं नाही.

विक्रम खानोलकर हे मराठी तरुण १९२९ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकत होते. सुट्टीत आल्प्समधल्या शामोनीला गेले असताना त्यांची एका मुलीशी ओळख झाली. इव्ह मादाय द मारोस. जन्म १९१३, गाव स्वित्झर्लंडमधलं नेशातेल, वडील हंगेरियन प्राध्यापक, आई रशियन. खानोलकर परतले, पाचव्या बटालियन, अकराव्या शीख रेजिमेंटमध्ये रुजू झाले, आणि ही पलटण तेव्हा होती औरंगाबादला. म्हणजे स्वित्झर्लंडहून निघालेली पत्रं आमच्या छावणीत येत होती. वडिलांचा विरोध असताना इव्ह भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं. इव्हची सावित्रीबाई झाली. ती सुती साडी नेसायला लागली, मराठी, हिंदी, संस्कृत शिकली, पाटण्याला बदली झाली तेव्हा तिथल्या विद्यापीठात जाऊन संस्कृत वाङ्मय आणि उपनिषदं वाचत बसली. पुढं 'सेंट्स ऑफ महाराष्ट्र' हे पुस्तकही लिहिलं. नाव बदललेली ही आणखी एक बाई. पण हिनं नव्या नावाला स्वतःचं काम जोडलं.

स्वातंत्र्यानंतर शौर्यपदकं नव्यानं घडवायची होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडं ते काम होतं. त्यांनी ते कुणा कलाशाळेला दिलं नाही, एका सहकारी अधिकाऱ्याच्या बायकोला दिलं, कारण वेद-पुराणांची तिची जाण त्यांना ठाऊक होती. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. ब्राँझची, साडेतीन सेंटिमीटरची वर्तुळाकार चकती, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, जांभळी फीत. २६ जानेवारी १९५० ला पदक स्थापन झालं, लागू मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासून. आणि पहिलं पदक गेलं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला ते पडले होते. सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. पदक घडवणारीच्याच सोयऱ्यांत पहिलं पदक परत आलं.

वज्र कशाचं झालं ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दधीची ऋषींनी देह ठेवला, त्यांच्या हाडांचं वज्र घडलं, वृत्रासुर मेला. दधीचींच्या बायकोचं नाव किती जणांना माहीत आहे? सुवर्चा. पुराणांत तीही आहे. नवऱ्याची हाडं देवांनी नेली हे कळल्यावर तिनं देवांना शाप दिला. कथाकीर्तनात हा भाग सहसा वगळतात. सावित्रीबाईंनी पुराणं मुळातून वाचली होती, तेव्हा त्यांच्या नजरेतून सुवर्चा सुटली असेल असं मला वाटत नाही. हा अर्थात माझा तर्क.

मेजर जनरल खानोलकर १९५२ मध्ये वारले. सावित्रीबाई पुढं रामकृष्ण मठाकडं वळल्या आणि १९९० मध्ये गेल्या. फाळणीनंतरच्या काळात त्यांनी निर्वासितांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम केलं होतं. तेव्हा अशा कामाला संस्था नव्हती. ती आली १९६६ मध्ये, २३ ऑगस्टला : आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, फौजी बोलीत 'आवा'. १९६५ चं युद्ध नुकतंच होऊन गेलेलं, विधवांची संख्या वाढलेली. संस्थेच्या नावातल्या 'वाइव्ह्ज'चं अलीकडं 'विमेन' झालंय. अमेरिकेत १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी लष्करी जोडीदारांच्या कौतुकाचा एक दिवसच जाहीर केला. आपल्याकडं असा दिवस म्हणजे 'आवा'चा वर्धापनदिन.

आई एकदा अडीच वर्षं एका छावणीत क्वार्टरमध्ये राहिली होती. तिथं महिन्यातून एकदा फॅमिली वेल्फेअरची बैठक. नीट साडी नेसून जायचं, पुढच्या खुर्च्या मोठ्या मॅडमसाठी. मॅडम कोण, तर साहेबांची बायको. साहेबांचं प्रमोशन झालं की मॅडमचंही होतं. "चांगल्या होत्या गं बाई त्या," आई सांगते, "शिलाई मशीन मिळवून दिल्या, डॉक्टरीण बोलवायच्या. पण मैत्रीण कशी होणार? तिच्यापुढं बसायचं का उभं राहायचं तेच कळत नव्हतं." मैत्रीण झाली ती भिंतीपलीकडची गढवाली बाई. दोघींना एकमेकींची भाषा येईना. त्या बाईनं आईला स्वेटर विणायला शिकवलं, आईनं तिला पुरणपोळी. मराठवाड्यात स्वेटर लागतो वर्षातून तीन आठवडे, पण आमच्या घरात दरवर्षी एक विणला जातो, त्याच नक्षीचा. त्या बाईच्या नवऱ्याची बदली झाली, ट्रक आला, सामान गेलं. पत्ता मागितला तर तिनं जो सांगितला तो ५६ एपीओ.

१९९९ च्या त्या उन्हाळ्याचं मला एवढंच आठवतं की आमच्या घरी टीव्ही मोठ्या आवाजात चालायचा आणि स्वयंपाक एकत्र व्हायचा. कधी आमच्याकडं, कधी काकूंकडं. तोपर्यंतच्या युद्धांत शहिदांचे अंत्यसंस्कार बहुतेक करून सीमेजवळच व्हायचे, घरी तार यायची, मागाहून ट्रंक. कारगिलमध्ये पहिल्यांदा तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगावी आल्या, आणि त्या टीव्हीवर दिसल्या. जिजींनी १९७१ पाहिलेलं. त्यांनी दोघींना एक नियम घालून दिला होता, "तार आली तर एकटीनं उघडायची नाही. हातात धरायची आन् समोरच्या घरात यायचं." एका दुपारी पोस्टमन खरंच आमच्या दाराशी आला. आईनं कागद घेतला, फाडला नाही, चप्पल न घालता रस्ता ओलांडला. काकूंनी कणकेच्या हातानं दार उघडलं. उघडून पाहिलं तर मामाच्या मुलाच्या लग्नाची तार होती. तिघी हसल्या का, असं मी विचारलं. "नाही," आई म्हणाली. "जिजी रडल्या. मग आम्हीपण."

तार आली नाही तर काय, हा प्रश्न मराठी माणसाला जुना आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत घुसले ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांची पत्नी पार्वतीबाई लष्कराबरोबर होत्या. त्या वाचल्या, पुण्याला पोचल्या, आणि भाऊ गेले हे त्यांनी मान्य केलं नाही. सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. मग 'मी भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला, राजकारण ढवळून निघालं आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई वारल्या १७८३ मध्ये. बावीस वर्षं. बखरी, नाटकं, कादंबऱ्या, सगळ्यांना तोतया आवडतो. त्या बावीस वर्षांत शनिवारवाड्यात त्यांच्याजवळ बसून बोलणारी कोण होती, हे वाचायला मला जास्त आवडलं असतं.

त्यानंतर दोनशे दहा वर्षांनी दमयंती तांबे. राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. माहेरचं आडनाव, योगायोग बघा, सुभेदार. १९७० मध्ये हवाई दलातल्या फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याशी लग्न झालं. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानवरच्या मोहिमेत त्यांचं विमान पडलं. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. सरकारी यादीत ते 'बेपत्ता', आणि पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांत तांबे हे नाव छापून आलेलं. अशा बेपत्तांची भारताची यादी चौपन्न जणांची. या चौपन्न घरांतल्या बायका, आया, भाऊ, वडील हळूहळू एकमेकांना सापडत गेले. त्यांनी संघटना बांधली, दिल्लीत मंत्र्यांच्या दारात बसले. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगापर्यंत नेलं गेलं, २००७ मध्ये चौदा जण पुन्हा पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. हाती काही लागलं नाही. दमयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं नाही, नोकरी केली, खेळाडू घडवले आणि फायली सांभाळल्या. 'बेपत्ताची बायको' ही सरकारी रकान्यात न बसणारी अवस्था आहे. ती पत्नी म्हणून पूर्ण नाही, विधवाही नाही. ती अवस्था न समजावता समजणारे लोक देशात जेमतेम चौपन्न घरांत होते.

आणि नवरा नक्की गेला आहे, पदकही मिळालं आहे, अशी बाई? तिच्यासाठी एक नियम होता. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेला मिळायचा, पण तिनं पुन्हा लग्न केलं की बंद. अपवाद एकच : दिराशी लग्न केलं तर चालू. म्हणजे पैसा घरातच राहिला पाहिजे, बाईही. ही अट संरक्षण मंत्रालयानं काढून टाकली नोव्हेंबर २०१७ मध्ये. १९१७ नाही, २०१७. तुमच्यातले बरेच जण तेव्हा इन्स्टाग्रामवर होते.

त्याच वर्षी ९ सप्टेंबरला चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून दोघी बाहेर पडल्या, खांद्यावर लेफ्टनंटचे तारे लावून. साताऱ्याच्या स्वाती महाडिक, कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी. कर्नल १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले होते. आणि निधी दुबे, महार रेजिमेंटच्या नाईक मुकेश दुबे यांच्या पत्नी. वर सांगितलेली ती वर्गवारी आठवा. एक कर्नलची बायको, म्हणजे मॅडम. दुसरी नाईकाची बायको, म्हणजे मागच्या खुर्चीवरची. अकादमीत एकाच मैदानावर, एकाच शिटीवर पळत होत्या. आईला मी त्यांचा फोटो दाखवला. तिनं बराच वेळ झूम करून पाहिला आणि विचारलं, "यात मोठी मॅडम कोणती?"

आता जिजी. २०१४ मध्ये त्यांचे यजमान गेले. कुटुंब पेन्शनचा अर्ज केला आणि कागद परत आले : रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव वेगळं, आधारवर वेगळं, जन्मतारीख एकीकडं नाहीच आणि दुसरीकडं १ जून. (मराठवाड्यात अर्ध्या लोकांचा जन्म १ जूनचा असतो, कारण मास्तरांना शाळेत नाव घालताना ती तारीख सोयीची पडायची.) दुसऱ्यांदा परत आले. तिसऱ्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, पहिल्या बायकोचे कागद घेऊन दुसरी बायको आली, असं दिसतंय हे." जिजी तिथं काही बोलल्या नाहीत. घरी येऊन ओट्यावर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली गं, मीच माझी सवत झाले."

उपाय होता. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र, आणि तिला ओळखणारे दोन साक्षीदार. गल्लीत ज्यांना जुनं नाव माहीत होतं अशी एकटी आई. दुसरी साक्ष कोण देणार? सह्या करणारी अशी व्यक्ती हवी जिच्या घरी फौजेचे कागद आहेत, जिची ओळख पटवता येईल. काकू. अडचण ही की आई आणि काकू चार वर्षं बोलत नव्हत्या.

कारण सांगायला मला लाज वाटते. मिक्सर. कँटीनच्या कार्डावर वर्षात अमुकच मोठ्या वस्तू घेता येतात. आईनं काकूंच्या कार्डावर मामाच्या लग्नासाठी मिक्सर मागितला, काकूंनी तो आधीच जावेला कबूल केला होता, आई काहीतरी बोलली, काकू १९९९ पासूनचा हिशेब बोलल्या. त्यानंतर हळदीकुंकवालासुद्धा एकमेकींच्या दारात नाही. मैत्रीवर लिहिणारे लोक हे सांगत नाहीत : ज्यांच्या हातात आपण न उघडलेली तार दिलेली असते, त्यांच्यावरच मिक्सरवरून एवढं चिडता येतं.

आईनं रस्ता ओलांडला. या वेळी चप्पल घालून. दारात उभं राहूनच म्हणाली, "जिजींच्या कामाला जायचंय, उद्या दहाला. येतीस का?" काकू म्हणाल्या, "आधार कार्ड लागंल का?" एवढंच.

रिक्षात जिजी मध्ये, दोन बाजूंना दोघी. नोटरीनं विचारलं, जुन्या नावाचा पुरावा? आईनं ट्रंकेतली पत्रं काढली. आंतर्देशीय, घड्यांवर झिजलेली, द्वारा ९९ एपीओ, प्रति : माहेरचं नाव. नोटरी तरुण होता. त्यानं एक वाचायला घेतलं तेव्हा जिजींनी त्याच्या हातातून काढून घेतलं. "वरचं नाव बघा साहेब, आतलं नका वाचू." मग त्यानं मजकूर टाइप करवून घेतला. 'आम्ही खाली सह्या करणार, सदर महिलेस दीर्घकाळापासून व्यक्तिशः ओळखतो. सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.' मी आजवर बरेच लष्करी कागद पाहिलेत, आमच्या घरी त्यांची फाइल जाड आहे. प्रत्येक कागदावर आई कुणाची तरी बायको आहे. हा एकच असा, जिथं एका फौजीच्या बायकोबद्दल दुसऱ्या दोघींनी स्वतःच्या नावानं लिहून दिलंय आणि जिजींच्या ओळखीला त्यांची सही पुरली.

पेन्शन सुरू व्हायला त्यानंतरही सात महिने लागले. फरकाची रक्कम आली तेव्हा जिजींनी दोघींना साड्या घेतल्या, एकाच रंगाच्या, म्हणजे भांडायला नको. त्या २०१९ मध्ये गेल्या. पत्रांचं काय करायचं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणं आईनं आणि काकूंनी ती त्यांच्यासोबतच दिली. ते प्रतिज्ञापत्र मात्र आईकडं आहे, झेरॉक्स, वडिलांच्या डिस्चार्ज बुकच्या पानांत.

हा लेख लिहिताना मी आईला वडिलांची पेन्शनची कागदपत्रं काढायला लावली, सहज, तपशील पडताळायला. पीपीओवर तिच्या नावाची वेलांटी चुकलेली आहे आणि आडनावातलं एक अक्षर गायब. इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. वडील म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज करू, होतंय. आई तोवर उठून खिडकीत गेली होती. समोरच्या खिडकीत काकू भाजी निवडत होत्या. आईनं तिथूनच ओरडून सांगितलं काय झालंय ते.

"मग कधी जायचं?" काकू म्हणाल्या. "उद्या नको. उद्या माझं नळाचं पाणी आहे."